रामशेजवर पहिल्यांदा जाताना: पडका किल्ला कसा पाहावा

नाशिकच्या उत्तरेला, पंचवटीतून पेठ रस्त्याने शहराबाहेर पडले की काही वेळातच सपाट माथ्याचा एक डोंगर दिसू लागतो. माथ्याजवळ काळ्या कातळाची सलग पट्टी आणि खाली पायथ्यापर्यंत उतरत गेलेले गवताळ उतार, एवढेच दुरून कळते. नाशिककरांपैकी अनेकांनी हा डोंगर शेकडो वेळा पाहिलेला असतो, पण त्यावर पाऊल ठेवलेले नसते. हाच रामशेज. रामाने वनवासात येथे शय्या केली, म्हणून हे नाव, अशी परंपरागत श्रद्धा आहे. इतिहासात मात्र हा किल्ला ओळखला जातो तो छत्रपती संभाजी महाराजांच्या काळात मुघलांना त्याने दिलेल्या झुंजीमुळे.

मी पहिल्यांदा रामशेजवर गेलो तेव्हा तासाभरात वर पोहोचलो, वारा खाल्ला, शहराकडे तोंड करून छायाचित्रे काढली आणि उतरलो. पायथ्याच्या आशेवाडीत एका आजोबांनी विचारले, ‘‘टाकी पाहिलीत का, दादा?’’ मी म्हणालो, एक-दोन दिसली. ते म्हणाले, ‘‘मग तुम्ही डोंगर पाहिला, गड नाही पाहिला.’’ त्यांचे म्हणणे खरे होते. पडक्या किल्ल्यावर महाल नसतो, माहिती सांगणारा नसतो, तिकीटघरही नसते. जे उरले आहे ते गवताखाली आणि कातळात आहे, आणि ते कोणत्या क्रमाने पाहायचे हे ठाऊक नसेल तर समोर असूनही दिसत नाही. त्यानंतर मी अनेकदा गेलो आणि हळूहळू एक क्रम सापडला: आधी पाणी, मग दरवाजा, मग तट आणि सर्वांत शेवटी घरांची जोती, म्हणजे पायाचे चौथरे. पुढील मार्गदर्शन त्याच क्रमावर आधारलेले आहे. ते रामशेजसाठी लिहिले असले तरी नाशिक जिल्ह्यातील बहुतेक गिरिदुर्गांवर उपयोगी पडेल.

१. निघण्यापूर्वी वेढ्याची गोष्ट जाणून घ्या

किल्ल्याचा सगळा इतिहास पाठ करण्याची गरज नाही. एक प्रसंग नीट समजून घेतला तरी पुरते. रामशेजच्या बाबतीत तो प्रसंग म्हणजे १६८२ साली सुरू झालेला वेढा. औरंगजेब दख्खनेत उतरल्यावर त्याने शहाबुद्दीन खान या नामवंत सरदाराला हा किल्ला घेण्यासाठी पाठवले. किल्ला लहान, डोंगर फारसा उंच नाही, त्यामुळे तो लवकर पडेल अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात किल्ला पाच वर्षांहून अधिक काळ लढत राहिला, वेढ्यावरचे सरदार बदलावे लागले आणि अखेर तो हल्ल्याने नव्हे, तर फितुरीने मुघलांच्या हाती गेला.

गडावर धातूच्या तोफा नव्हत्या, पण कातडे मुबलक होते. तेव्हा किल्लेदाराने लाकूड पोखरून, त्यावर कातडे चढवून तोफा तयार करविल्या, असे मुघल इतिहासकार खाफीखान याने नोंदवून ठेवले आहे. मुघलांनी गडावर मारा करण्यासाठी लाकडाचा उंच दमदमा, म्हणजे मोठा मचाण, उभारला होता. एका मांत्रिकाने सोन्याचा नाग हातात धरून फौजेला तटापर्यंत नेण्याचा प्रयत्न केला आणि वरून आलेल्या गोफणीच्या दगडाने तो कोसळला, ही हकीकतही खाफीखानाचीच. ही माहिती मनात असेल, तर वर गेल्यावर तुम्ही योग्य प्रश्न विचाराल: इतकी वर्षे ही माणसे प्यायली काय, आत-बाहेर गेली कुठून आणि शत्रू कोणत्या बाजूने येऊ शकत होता?

२. दिवस आणि वेळ निवडा

नोव्हेंबर ते फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा हा काळ सर्वांत उत्तम. पावसाळ्यात डोंगर अतिशय देखणा दिसतो हे मान्य, पण पायऱ्यांवर शेवाळ धरते, माथ्यावर धुके उतरते आणि कमरेइतक्या गवताखाली जोती पूर्णपणे झाकून जातात. किल्ला पाहण्यासाठी जाणाऱ्याने गवत वाळून बसण्याची वाट पाहावी. फेब्रुवारीनंतर वणव्यांचा धोका सुरू होतो. एप्रिल-मे महिन्यांत जायचेच असेल, तर सकाळी दहाच्या आत खाली उतरण्याच्या तयारीने जावे, कारण माथ्यावर सावली देणारी झाडे फारच थोडी आहेत आणि दुपारी कातळ खालूनही भाजतो.

वेळ सकाळचीच ठेवा. उजाडताना आशेवाडीत असलात, तर चढण थंडाव्यात होते आणि वर पोहोचता तेव्हा ऊन तिरपे असते. तिरप्या उन्हाचा फायदा केवळ छायाचित्रांपुरता नाही. कातळावरील छिन्नीचे घाव, पुसट झालेले कोरीव काम, गवतात बुडालेल्या जोत्याची रेघ हे सर्व तिरप्या उन्हात सावली धरते आणि उठून दिसते. दुपारी बाराला त्याच जागी काहीच दिसत नाही. चढण्या-उतरण्यासह संपूर्ण किल्ला पाहण्यास चार ते पाच तास हाताशी ठेवा. संध्याकाळी उशिरा थांबू नका, कारण दिंडोरी आणि नाशिकच्या परिसरात बिबट्याचा वावर नित्याचा आहे.

३. कागदपत्रे आणि सामान

रामशेजसाठी प्रवेशपत्र किंवा आगाऊ नोंदणी लागत नाही. तरीही पुढील कागद जवळ असावेत: प्रत्येकाचे एक ओळखपत्र आणि दुचाकी किंवा चारचाकीने जाणार असाल तर वाहन परवाना, नोंदणी प्रमाणपत्र, विमा आणि पीयूसी. डिजिलॉकरमधील प्रती चालतात, पण मोबाइलची बॅटरी संपू शकते हे लक्षात ठेवून छापील झेरॉक्स डिकीत ठेवावी. ड्रोन उडविण्याचा विचार असल्यास तो रीतसर परवानगीशिवाय करू नका. नाशिकच्या आसपास लष्कर आणि हवाई दलाची ठाणी आहेत, त्यामुळे याबाबतीत हलगर्जीपणा महागात पडतो.

सामानाची यादी लहान आहे, परंतु त्यातील प्रत्येक वस्तूला कारण आहे.

- माणशी किमान दोन लिटर पाणी आणि उन्हाळ्यात तीन. टाक्यांतील पाण्यावर विसंबू नका. ते गाळून-उकळूनच पिण्याजोगे होते.
- पकड असलेले बूट आणि पूर्ण लांबीची विजार. कुसळे आणि काटे उघड्या पायांना सोलून काढतात.
- टोपी किंवा उपरणे. उन्हासाठी तर हवेच, पण मधमाश्या उठल्या तर डोके-तोंड झाकण्यासही तेच कामाला येते.
- बॅटरी. मोबाइलचा उजेड टाक्याच्या आतील खांबांपर्यंत पोहोचत नाही.
- मोजपट्टी, वही आणि पेन्सिल.
- प्रथमोपचाराची पिशवी, मीठ-साखरेची पुडी आणि एक शिट्टी.
- भाकरी, शेंगदाण्याची चटणी, गूळ यांसारखे टिकाऊ खाणे आणि कचरा परत आणण्यासाठी एक रिकामी पिशवी.

४. आशेवाडीपर्यंत पोहोचा

शहरातून अंतर सुमारे पंधरा किलोमीटर आहे. सीबीएस स्थानकातून पेठकडे जाणारी एसटी मिळते. आशेवाडी फाट्यावर उतरायचे आहे, हे बसतानाच वाहकाला सांगून ठेवा, कारण सगळ्याच गाड्या आपणहून थांबतील असे नाही. फाट्यावरून गावापर्यंत पायी जाता येते. परतीच्या गाड्यांच्या वेळाही उतरण्यापूर्वीच विचारून घ्या.

स्वतःचे वाहन गावात लावताना कोणाचा दरवाजा, खळे किंवा शेताची वाट अडणार नाही याची काळजी घ्या आणि समोरच्या घरी विचारूनच लावा. दोन शब्द बोलून पुढे गेलात तर वाट, पाणी, मोहोळ यांची त्या दिवसाची खरी माहिती तुम्हाला गावातच मिळते. ‘‘मावशी, वर मोहोळ बसलंय का?’’ हा एक प्रश्न मी प्रत्येक वेळी विचारतो.

५. चढण

किल्ल्याची समुद्रसपाटीपासूनची उंची सुमारे ३,२०० फूट असली तरी नाशिकचे पठारच सुमारे १,९०० फुटांवर आहे, त्यामुळे प्रत्यक्ष चढण वाटते त्यापेक्षा बरीच कमी आहे. वाट मळलेली आहे आणि पुढे पायऱ्या लागतात. सावकाश चालणाऱ्याला पाऊण ते एक तास पुरतो. लहान मुले आणि तब्येतीने धडधाकट ज्येष्ठ मंडळीही हा किल्ला चढतात. गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांनी उतरण्यासाठी काठी जवळ ठेवावी.

माथ्याच्या अलीकडे कातळातील गुहेत रामाचे मंदिर आहे. येथे चपला बाहेर काढून, आवाज खाली आणून थोडा वेळ बसा. गावकऱ्यांसाठी हे जागते देवस्थान आहे, केवळ विसाव्याची जागा नव्हे. नवखे लोक येथे नेहमी एक चूक करतात: मंदिर म्हणजे शेवटचा टप्पा समजून ते माथ्याकडे धावतात. खरे तर किल्ला येथूनच सुरू होतो, म्हणून वही येथेच बाहेर काढा.

६. सर्वांत आधी पाणी शोधा

तट कितीही भक्कम असला आणि दारूगोळा कितीही असला, तरी पाणी संपले की किल्ला संपतो. म्हणून किल्ला बांधणाऱ्याने पहिला विचार पाण्याचा केलेला असतो आणि पाहणाऱ्यानेही तोच क्रम धरावा. मंदिराजवळचे पाणी पाहा, मग माथ्यावर जाऊन एकेक टाके शोधत फिरा. प्रत्येक टाक्याला वहीत क्रमांक द्या आणि ते माथ्याच्या कोणत्या भागात आहे याची खूण करा.

सह्याद्रीचा हा भाग लाव्हारसाच्या आडव्या थरांनी बनलेला आहे. काही थर घट्ट, तर काही भेगाळ आणि ठिसूळ असतात. टाके खोदणाऱ्या पाथरवटाला पाणी धरून ठेवणारा घट्ट थर निवडावा लागे, आणि माथ्यावरचे पावसाचे पाणी उताराने आपोआप जेथे येईल अशीच जागा शोधावी लागे. त्यामुळे टाक्याच्या काठावर उभे राहून आधी वरच्या बाजूला पाहा. बऱ्याच वेळा टाक्याकडे येणारी, कातळात कोरलेली बोटभर खोलीची पन्हळ दिसते. ती दिसली की पावसाच्या दिवसात हा माथा कसा काम करत असेल, ते डोळ्यांसमोर उभे राहते.

आता काठाशी, पण कडेपासून हातभर मागे, उकिडवे बसा आणि आतल्या भिंतीवर बॅटरीचा उजेड तिरपा टाका. दगडावर एकमेकांना समांतर, किंचित कललेल्या बारीक रेघा दिसतील. या छिन्नीच्या रेघा आहेत. एका रेघेची लांबी वितीपेक्षा कमी भरते, म्हणजे एका बैठकीत हात जेवढा फिरला तेवढीच. मग पाथरवट सरकला आणि पुढची रेघ सुरू झाली. काही ठिकाणी रेघांचा कल अचानक बदलतो. तेथे दुसरा माणूस बसला असावा, किंवा त्याच माणसाने हात बदलला असावा, असा माझा समज आहे. एवढ्या जवळून पाहिल्यावर ‘पडका किल्ला’ हा शब्दच अपुरा वाटू लागतो, कारण हे काम जसेच्या तसे उरलेले आहे.

टाक्यातून निघालेला दगड वाया जात नसे. तोच तट आणि जोती बांधण्यासाठी वापरला जाई. टाक्याच्या जवळच्या तटातील दगड पाहा आणि त्याचा रंग, पोत टाक्याच्या भिंतीशी ताडून पाहा. टाके हे एकाच वेळी पाणवठा आणि दगडाची खाण असे, ही गोष्ट मला कळली तेव्हापासून मी टाकी आणि तट वेगवेगळे पाहणे सोडून दिले.

मोजपट्टीचा उपयोग आता करा. काठावरूनच लांबी आणि रुंदी मोजा. आत उतरू नका, खोलीचा अंदाज पुरेसा आहे. समजा एखादे टाके २० फूट लांब, १० फूट रुंद आणि ६ फूट खोल भरले, तर ते १,२०० घनफूट झाले. एका घनफुटात सुमारे २८ लिटर पाणी मावते, म्हणजे या टाक्यात सुमारे ३३,६०० लिटर. वेढ्याच्या वेळी गडावर सहाशे माणसे होती, असे परंपरेने सांगितले जाते. माणशी दिवसाला फक्त पाच लिटर धरले तरी रोज ३,००० लिटर लागतील आणि हे टाके अकरा दिवसांत आटेल. पाऊस नसलेले आठ महिने काढायचे, तर अशी बावीस टाकी भरलेली हवीत. जनावरे, स्वयंपाक आणि बाष्पीभवन यांचा हिशेब मी धरलेलाच नाही. हा हिशेब तुम्ही स्वतः, तुम्ही मोजलेल्या मापांनी, टाक्याच्या काठावर बसून करा. मी तो पहिल्यांदा केला तेव्हा त्या वेढ्याची पाच वर्षे मला पहिल्यांदाच उमगली.

काही टाक्यांमध्ये गाळ साचलेला असतो, तर काही स्वच्छ दिसतात. नाशिकच्या दुर्गसंवर्धकांनी सुट्टीच्या दिवशी श्रमदान करून रामशेजवरील टाक्यांतील गाळ घमेल्यांनी उपसला आहे. त्यात पाय धुणे, पोहणे किंवा बाटल्या टाकणे म्हणजे त्यांच्या कष्टांवर पाणी ओतणे होय. पोहण्याचा मोह तर जिवावरही बेततो: काठ निसरडे असतात, आतली खोली एकदम वाढते आणि बाहेर येण्यासाठी पकड मिळत नाही.

७. मग दरवाजे

पाण्यानंतर माणसे आत कशी येत, हे पाहा. रामशेजवर कातळात खोल उतरत जाणारा एक दरवाजा आहे, जो दहा पावलांवर असूनही चटकन लक्षात येत नाही. त्याच्यासमोर उभे राहिल्यावर त्याची योजना कळते: वरून पाहणाऱ्याला तो खड्डा वाटतो आणि खालून येणाऱ्याला कातळ. अशा ठिकाणी पायऱ्या झिजलेल्या आणि मातीने भरलेल्या असतात, म्हणून एका वेळी एकानेच, हात भिंतीला लावून उतरावे. आत पाऊल ठेवण्यापूर्वी उजेड टाकून वटवाघळे, साप, मोहोळ नाही ना, याची खात्री करून घ्यावी.

कोणत्याही दरवाजात तीन गोष्टी पाहण्याची सवय लावा. पहिली, उंबरठ्याजवळ आणि वरच्या बाजूला दाराच्या फळ्या फिरण्यासाठी केलेली गोल खोलगट भोके. दुसरी, दोन्ही बाजूंच्या भिंतीत समोरासमोर असलेली चौकोनी भोके. त्यांपैकी एक बरेच खोल असते, कारण दार उघडे असताना अडसराचा ओंडका त्यात सरकवून ठेवत. भोकाची खोली पाहून ओंडका केवढा होता, याचा अंदाज करता येतो. तिसरी, आत शिरल्यावर बाजूला असणाऱ्या पहारेकऱ्यांच्या देवड्या, जेथे आजही ऊन किंवा पाऊस लागला की आपण नकळत टेकतो. दरवाजाची कमान पडली असली तरी ही तीन चिन्हे बहुधा उरलेली असतात, आणि त्यांवरून दरवाजा मनात पुन्हा उभा करता येतो.

होकायंत्राने दरवाजाचे तोंड कोणत्या दिशेला आहे, ते वहीत लिहा. मोबाइलमधील होकायंत्र यासाठी पुरेसे आहे.

८. तट, बुरूज आणि जोती

आता माथ्याच्या कडेने एक फेरी घ्या. कडेपासून नेहमी दोन हात अंतर ठेवा, कारण तटाचे सुटे दगड पायाखालून सरकतात. जेथे कडा सरळ तुटलेला आहे, तेथे तट बांधण्याची गरजच पडली नाही आणि जेथे उतार चढण्याजोगा आहे, तेथे तटाचे अवशेष दिसतात. तटाचे अवशेष कोठे आहेत आणि कोठे नाहीत, एवढे नकाशावर उतरवले तरी शत्रूची भीती कोणत्या बाजूने होती, ते कळून येते. तटात बंदुकीसाठी ठेवलेली तिरपी छिद्रे, म्हणजे जंग्या, शिल्लक असतील तर त्यांतून डोळा लावून खाली पाहा; छिद्राचा रोख बहुधा वाटेवर असतो.

वरून आजूबाजूची ओळखही करून घ्या. जवळच भोरगड आणि देहेरगड हे डोंगर आहेत, दुसऱ्या बाजूला म्हसरूळजवळचा चामर लेण्यांचा डोंगर आणि त्यापलीकडे नाशिक शहर पसरलेले आहे. रामशेजसारखा लहान किल्ला महत्त्वाचा का होता, याचे उत्तर या दृश्यात आहे: नाशिकहून पेठमार्गे कोकण आणि गुजरातकडे जाणाऱ्या वाटा येथून नजरेत राहतात.

जोती सर्वांत शेवटी पाहावीत, कारण तोपर्यंत डोळे सरावलेले असतात. गवतात सरळ रेषेत बसलेले दगड आणि त्यांचा काटकोनात वळलेला कोपरा दिसला की ते जोते समजा. टाक्याजवळचे लहान जोते बहुधा शिबंदीच्या, म्हणजे गडावरील शिपायांच्या, घराचे असते. वस्तीपासून बाजूला, जाड भिंतींचे आणि एकाकी बांधकाम असेल, तर दारूकोठाराची शक्यता धरावी. मात्र हे अंदाज आहेत, निर्णय नव्हेत, आणि वहीत ते अंदाज म्हणूनच लिहावेत. मार्गदर्शक म्हणून मिरवणारे काही जण प्रत्येक जोत्याला राजवाडा आणि प्रत्येक गुहेला भुयार ठरवून टाकतात, त्यावर लगेच विश्वास ठेवू नका.

९. हात कोठे लावू नये

महाराष्ट्रात जुन्या वास्तूंच्या संरक्षणासाठी केंद्राचा १९५८ चा आणि राज्याचा १९६० चा कायदा आहे. किल्ल्यावर संरक्षित स्मारकाचा फलक असो वा नसो, तेथे खोदणे, दगड हलविणे, नाव कोरणे किंवा रंगवणे या गोष्टी मुळीच करू नका. कोणतीही वस्तू, अगदी खापराचा तुकडासुद्धा, घरी आणू नका; जागेवरून उचलला की त्याची माहिती संपली.

एक चूक मात्र चांगल्या हेतूने होते, म्हणून ती वेगळी सांगतो. शिलालेख किंवा पुसट शिल्प नीट दिसावे म्हणून काही जण त्यावर खडू, पिठी किंवा हळद चोळतात, पाणी ओतून काथ्याने घासतात. माझ्याच बरोबर आलेल्या एका मित्राने दुसऱ्या एका किल्ल्यावर असे केले आणि दगडाचा वरचा ठिसूळ थर पापुद्र्यासारखा सुटून त्याच्या हातात आला. तो क्षण मी विसरू शकलेलो नाही. बॅटरी दगडाच्या अगदी बाजूला, भिंतीला जवळजवळ चिकटवून धरा आणि निरनिराळ्या कोनांतून छायाचित्रे घ्या. अक्षरे आपोआप उठून दिसतात.

नवीन पडझड, खोदकाम किंवा नासधूस आढळली, तर छायाचित्र, तारीख आणि जागेची खूण यांसह राज्याच्या पुरातत्त्व विभागाच्या नाशिक कार्यालयाला लेखी कळवा. सोबत गावच्या सरपंचांनाही सांगा, कारण तेच तेथे सर्वांत आधी पोहोचू शकतात.

१०. संकट आले तर

आग्या मोहोळ हा नाशिकच्या कडेकपारींवरील सर्वांत मोठा धोका आहे. उग्र अत्तर, धूर, फटाके, मोठ्याने लावलेली गाणी यांमुळे माश्या उठतात. त्या उठल्याच, तर डोके आणि तोंड झाकून, हात न झटकता, लवकर पण कड्याची दिशा टाळून लांब जावे. घाबरून कड्याच्या दिशेने पळणे हे डंखांपेक्षाही घातक आहे.

सर्पदंश झाल्यास जखम कापू नये, चोखू नये, घट्ट दोरी बांधू नये. दंश झालेला अवयव फळीचा आधार देऊन स्थिर ठेवावा, माणसाला चालायला न लावता खाली उचलून न्यावे आणि थेट नाशिकच्या जिल्हा शासकीय रुग्णालयात पोहोचवावे. रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि इतर मदतीसाठी ११२ हे क्रमांक आहेत. कड्याच्या आडोशाला मोबाइलचा संपर्क तुटू शकतो, म्हणून निघताना घरी परतीची वेळ सांगून ठेवा. गटात किमान तिघे असावेत: एक जखमीपाशी थांबतो आणि एक मदतीसाठी जातो, तेव्हा तिसऱ्याची गरज कळते.

११. पुढचा किल्ला कोणता

घरी आल्यावर त्याच दिवशी वहीतील टिपणे स्वच्छ उतरवून काढा आणि माथ्याचा साधा नकाशा तयार करा. मग दोन-तीन महिन्यांनी, गवताची स्थिती बदलल्यावर, रामशेजवरच पुन्हा जा. दुसऱ्या खेपेला पहिल्यापेक्षा जास्त टाकी सापडतात, हा माझ्याबरोबर आलेल्या प्रत्येकाचा अनुभव आहे.

त्यानंतर मनमाडजवळचे अंकाई-टंकाई घ्यावे. दोन किल्ले एकमेकांना चिकटून आहेत, टंकाईच्या अंगाला जैन लेणी आहेत आणि अंकाईच्या वाटेवरील एकामागून एक येणारे दरवाजे पाहताना रामशेजवर शिकलेली सर्व चिन्हे ओळखता येतात. त्र्यंबकचा ब्रह्मगिरी त्यापुढे. बागलाणातील साल्हेर हा सुमारे १,५६७ मीटर उंचीचा, महाराष्ट्रातील सर्वांत उंच किल्ला. १६७२ च्या लढाईमुळे तो प्रसिद्ध आहे आणि २०२५ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आलेल्या बारा मराठा किल्ल्यांत त्याचा समावेश झाला. त्यासाठी मुक्कामाची तयारी आणि वाटाड्या हवा.

हरिहरची उभी पायऱ्यांची वाट छायाचित्रांमुळे सर्वांना आधी खुणावते, पण तो पहिला किल्ला म्हणून निवडू नये. तेथे शनिवार-रविवारी आणि पावसाळ्यात इतकी गर्दी होते की चढणारे आणि उतरणारे एकाच अरुंद जिन्यावर अडकतात. मधल्या वारी, कोरड्या दिवशी आणि पहाटे जा. पायऱ्यांमध्ये बोटे अडकवण्यासाठी कोरलेल्या खोबण्यांना धरूनच चढा आणि उतरताना शिडी उतरतो तसे तोंड कातळाकडे ठेवून एकेक पायरी खाली या.